आप्पांच्या काळजातली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे धरायची नव्हे, खिडकीचीही नव्हे. डॉक्टर लोक मला स्टेंट म्हणतात. जाडसर शेवईच्या तुकड्याएवढी मी, पोलादाच्या नळीला बारीक चिरा देऊन घडवलेली. माझा मुक्काम निरवांगी गावच्या आप्पांच्या हृदयात, एका रक्तवाहिनीत. इतकं आतलं घर मिळाल्यावर माणसाच्या मनातलंही ऐकू येतं, असा माझा आपला समज आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९७ साली पुण्यातल्या एका दवाखान्यात मला फुग्यावर घट्ट बसवून आप्पांच्या मांडीतून वर चढवलं. फुगा फुगला की मी उमलायचं आणि भिंतीला टेकून वाट जन्मभर उघडी ठेवायची, एवढंच माझं काम. मी उमलूही लागले. पण मधोमध ती भिंत दगडासारखी कडक होती. तिथे फुग्याचा जोर पुरला नाही. दोन्ही टोकांना मी उघडले, कमरेत मात्र आवळलेलीच राहिले. बाहेरून घेतलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात वाट बरी दिसली, आणि सगळे समाधानाने घरी गेले. मला ओरडून सांगायचं होतं, पण पोलादाला तोंड कुठलं?

आप्पांच्या घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. आता डाळिंबाची बाग होती आणि हौसेपुरती चार मेंढरं. आप्पा घरी आले तशा त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईंनी देवापुढची भंडाऱ्याची वाटी पुढे केली.

"उचला भंडारा. आन् म्हना, पुन्यांदा तंबाखूला शिवनार न्हाय."

आप्पांनी देवाची हळद मुठीत घेतली आणि शब्द दिला. भंडारा उचलून दिलेला शब्द त्या घरात कुणी मोडत नसे. आप्पांनीही मोडला नाही. मी साक्षीला आहे. तंबाखूची झिंग पुन्हा कधी माझ्या अंगावरून वाहिली नाही.

पण काही महिन्यांतच माझ्या आवळलेल्या कमरेत नवं मांस धरू लागलं आणि वाट पुन्हा अरुंद झाली. विहिरीवरून बांधापर्यंत जाताना आप्पांची छाती भरून येऊ लागली. असं झालं की ते खिशातून आपली जुनी चंची काढत आणि जिभेखाली काहीतरी ठेवत. ती डॉक्टरांनी दिलेली गोळी होती. गोळ्या ठेवायला आप्पांना दुसरं काही सापडू नये, ही त्यांची कमालच! जन्मभर तंबाखू बाळगलेली चंची ती. म्हाळसाबाईंनी हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भंडारा उचलून खोटं बोलला तुमी?"

"गोळी हाय गं त्यात. आन्‌भाक."

"आनि किती भाका घेता? द्येवानं छातीत हात घातला, तरी डोळं उघडंनात!"

दर रविवारी म्हाळसाबाई घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावत. त्या रविवारपासून आप्पांचं कपाळ तेवढं कोरं राहू लागलं. छातीच्या कळेपेक्षा ते कोरं कपाळ आप्पांना जास्त दुखत होतं. "मी खोटारडा ठरलोय, आता औषीद कशाला?" असं म्हणून ते खाटेवर पडून राहिले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

शेवटी मुलाने, रविराजने, त्यांना बळेच बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदयाची रेघ काढली आणि तडक पुण्याला धाडलं.

पुण्याच्या डॉ. वृषालींनी आधी हेच विचारलं, "आप्पा, तंबाखू पुन्हा सुरू केलीत का?"

"बाई, तुमीबी?" आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वाट अरुंद झालीय, एवढंच बाहेरून दिसतंय. कशामुळे, ते दिसत नाही. पोटाची सोनोग्राफी करतात ना, तशी मी रक्तवाहिनीच्या आतून करते. चालेल?"

आप्पांनी तोंड परत इकडे वळवलं. "बघा. लोकर दाट असली की मेंढरू जाडजूड दिसतं. पाठीवर हात दाबल्याबिगर कळत न्हाय."

मग ती बारीक तार आली. तिच्या टोकाशी इवलंसं यंत्र होतं. ते आवाज सोडी, आवाज भिंतीवर आदळून परत फिरे आणि पडद्यावर चित्र उमटे. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी आतून पाहत होतं. माझी आवळलेली कमर, तिच्यामागचा कडक थर, सगळं लख्ख दिसलं. बाईंनी दमदार फुगा मागवला आणि असा जोर लावला की मी एकदाची भिंतीला टेकले. रक्त मोकळं धावलं. आप्पांच्या छातीवरचं ओझं उतरलं, माझंही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी म्हाळसाबाईंना ते चित्र व्हिडिओ कॅसेटवर दाखवलं.

"ही जाळी मधे उघडलीच नव्हती. बसवली त्या दिवसापासून. त्या वेळी तिथे आतून बघायची सोय नव्हती."

"मग तंबाखू?"

"तंबाखू वाईटच. पण या खेपेचं कारण हे आहे. आणि चंचीत गोळ्याच आहेत, मी पाहिल्या."

म्हाळसाबाईंनी पडद्यावरच्या त्या आवळलेल्या कमरेवर बोट टेकवलं. "म्हंजी त्यांचा भंडारा खरा व्हता," त्या पुटपुटल्या. आप्पांच्या खाटेशी येऊन त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठीत चिमूटभर हळद होती. रविवार नव्हता, तरी त्यांनी ती आप्पांच्या कपाळभर लावली.

"चुकलं माझं."

"आता गोळ्यांस्नी नवी डबी आन," आप्पा म्हणाले. दोघंही हसता हसता रडले.

तेव्हापासून मी माझं काम नीट करते आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाचं दुखणं उलटलं, तर त्याची चंची हुंगण्याआधी एकदा आत डोकावून बघा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. आप्पांना तर तोंड होतं.