राणीच्या गालावरचा डाग

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल, म्हणून आधीच सांगतो, विश्वास ठेवू नका," असं म्हणत म्हाताऱ्या धोंडीरामनं कॅमेऱ्यामागचं काळं कापड डोक्यावर ओढलं.

चतुराचा कशावरच विश्वास उरला नव्हता. ती खुर्चीत दगडासारखी बसली होती. लहानपणी उकळत्या काकवीचा थेंब उडून तिच्या डाव्या गालावर डाग राहिला होता. मागच्या साली, म्हणजे तेहतीस साली, नाशकातल्याच दुसऱ्या एका फोटोवाल्यानं फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवून तो असा काही गायब केला, की बघायला आलेल्या मुलाच्या आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "फोटोतली मुलगी कुठंय?"

आता फोटो चांदवडच्या नव्या स्थळाकडं जायचा होता, आणि आई, गोजराबाई, पायरी चढतानाच म्हणाली होती, "डाग तेवढा पुसा."

"राहू दे ना गं आई."

"तू गप. तुला काय कळतंय."

कापडाखालून धोंडीरामचा आवाज आला. "पुसतो, वहिनी. पण आधी पोरीचा चेहरा सुटू द्या. तर तीनशे वर्षांमागं युरोपात एक राजा होता. त्याला चित्रांचं वेड. ज्या राज्यात लिलाव, तिथं त्याची माणसं हजर. गाड्या भरभरून चित्रं यायची. राजवाड्याची भिंत म्हणून दिसायची नाही. शेवटी झोपायला जागा उरेना, तेव्हा राजा तबेल्यात निजायला लागला."

"आणि घोडे?" गोजराबाईनं विचारलं.

"घोडे चित्रं बघत उभे. तर त्याच्या दरबारी चित्रकाराकडं रंग घोटायला होते आमचे खापरपणजोबा. सुरतेहून जहाजानं गेलेले. रंगात जवसाचं तेल घालायचं त्यांनीच शिकवलं. तोवर ते लोक कोरडाच रंग फासायचे."

चतुराच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

"राजाला लग्न करायचं होतं. तिकडं तेव्हा मुलगी बघायला जात नसत, मुलीचं चित्र मागवत. शंभर राजकन्यांची चित्रं आली. सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या गणपतींसारख्या. राजा वैतागला. एकशेएकाव्या राजकन्येकडं त्यानं स्वतःचा चित्रकार धाडला. तिच्या गालावर होता डाग. चित्रकार म्हणाला, घोटा रंग, डाग बुजवतो. पण तेल कुठं होतं? खापरपणजोबांनी ते आदल्या दिवशीच चटणी-भाकरीवर ओतून खाल्लं होतं."

"अगं बाई. मग?" गोजराबाई बाकावरून पुढं सरकली.

"मग काय, चित्र गेलं तसंच. राजा त्याच्यापुढं उभा राहिला तो हलेचना. म्हणाला, बाकीच्या शंभरजणी उद्या दारात आल्या तर मी ओळखायचो नाही. ही आली तर ओळखीन."

चतुराचा हात आपोआप गालाकडं गेला आणि तिथंच थांबला. आई एकदा तिच्याकडं बघत होती, एकदा त्या काळ्या कापडाकडं.

"आणि झालं लग्न?" आईनं हळूच विचारलं.

"झालं तर. ते चित्र राजानं दिवाणखान्यात मधोमध लावलं. आत्ता डोळ्यांपुढं दिसतंय म्हणा ना. हिरवं लुगडं. खांद्यावरून सारखा घसरणारा पदर. नाकात नथ, तिचा खालचा मोती जरा फुटका..."

चतुरानं पदर सावरला, आणि काय होतंय ते लक्षात येऊन ती खुदकन हसली. धोंडीरामनं रबरी फुगा दाबला. कॅमेरा खट्ट वाजला.

गोजराबाईनं बाकावरूनच हात झटकला. "थापा पुरे, धोंडीरामभाऊ. तो फुटका मोती माझ्या सासूबाईंच्या नथीतला हाय, तुमच्या राणीच्या नाकात कसा गेला? डाग राहू द्या. मोती तेवढा पुसा."