आयोवाची शिस्त

टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी इमारतींमध्ये कचऱ्याचा वार चुकणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच, आणि पद्मिनीने तो एका मंगळवारी केला. जळणारा कचरा टाकायच्या दिवशी ती काचेच्या बाटल्या घेऊन खाली उतरली. वरच्या मजल्यावरचे कुरोदा-सेन्सेइ, म्हणजे जवळच्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक, नेमके तिथेच उभे. त्यांनी जपानीत समजावलं, तिने इंग्रजीत माफी मागितली, आणि ती इतकी लांबलचक, न अडखळता मागितली की सेन्सेइ बाटल्या विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

कारण ते अडचणीत होते. त्यांच्या शाळेचं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विल्टन फॉल्स नावाच्या लहानशा शहरातल्या सरकारी हायस्कूलशी नातं जुळलं होतं. वसंतात तिथली मुलं पाहुणी येणार होती, आणि पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून त्यांच्यासमोर वर्ग अमेरिकन पद्धतीने भरवायचा असं ठरलं होतं. आता ही अमेरिकन पद्धत सांगणार कोण? शाळेचे इंग्रजीचे शिक्षक व्याकरणात पक्के, पण बोलायची वेळ आली की त्यांना ताप येई. तेव्हा बाईंना अमेरिकन शाळा माहीत आहे का, असं सेन्सेइंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

पद्मिनी डोंबिवलीची. आपल्याकडे कुणी पत्ता विचारला तर ‘माहीत नाही’ म्हणायची पद्धत नाही. माहीत नसेल तर डावीकडे वळायला सांगायचं. त्यातून डोंबिवलीच्या एका इंग्रजी शाळेत तिने बरीच वर्षं शिकवलं होतं, आणि नवऱ्याला जपान लागलं म्हणून सातवीचा वर्ग अर्ध्या वर्षात टाकून ती इथे आली होती. पोरांचा धड निरोपही घेता आला नव्हता. इथे ती फक्त रणजितसानची बायको होती. वर्ग हा शब्द ऐकताच तिने हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. शाळा काय, सगळीकडे सारखीच, मी शिकवते, असं ती बोलून बसली.

रणजित तोयोसूच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर होता. रात्री जेवताना ऐकून त्याचा घासच अडकला.

“पद्मा, तू अमेरिका नकाशाबाहेर कधी पाहिलीयस?”

“आणि तू मेनफ्रेम? चार वर्षांचा अनुभव म्हणून रेझ्युमेत ठोकलास आणि पहिल्यांदा बघितलंस ते इथे येऊन.”

यावर रणजितने आमटी वाढून घेतली आणि विषय संपला. त्या काळात अर्धं तोयोसू याच पायावर उभं होतं.

मग पद्मिनीने अमेरिका शिकवायला घेतली. अमेरिकेत शिक्षक वर्गात आले की मुलं उभी राहतात आणि सगळी एका सुरात, झोपाळ्यावर बसल्यासारखी, “गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचर” म्हणतात. उशीर झाला तर दाराशी थांबून, प्रतिज्ञेला धरतात तसा हात पुढे धरून, “मे आय कम इन टीचर” म्हणतात. नैसर्गिक विधीसाठी करंगळी दाखवतात. गोंगाट झाला तर तोंडावर बोट. वाढदिवस असेल तो मुलगा रंगीत कपडे घालून सगळ्यांना एकेक चॉकलेट वाटतो, टीचरला दोन.

सिनेमातली अमेरिकन मुलं बाकावर पाय टाकून बसतात ती कशी, अशी शंका कुरोदा-सेन्सेइंनी नम्रपणे काढली. ते सिनेमात, असं पद्मिनी म्हणाली. सेन्सेइंनी मान डोलावली. आमच्याकडच्या सिनेमातही तलवारी असतात, असं ते म्हणाले.

जपानी मुलांचं काय सांगावं. सोळा-सतरा वर्षांची ती घोडी, पण एकदा सांगितलं की दगडावरची रेघ. करंगळी किती अंशांत धरायची हे त्यांनी मोजून घेतलं. रोज सकाळी तो झोपाळ्याचा सूर ऐकला की पद्मिनीला वाटे, आपण पुन्हा माणसांत आलो. आणि लगेच दुसरी आठवण येई. विल्टन फॉल्सची एक टवाळ पोरगी फिस्सकन हसली की सगळं उघडं पडणार, सेन्सेइंचं नाक कापलं जाणार आणि हा वर्गही जाणार. पहिला वर्ग तिने सोडला होता. हा तिच्याकडून काढून घेतला जाईल, ही गोष्ट तिला सोसणारी नव्हती.

पाहुणे आले त्या दिवशी तिने कोरा फळा दोनदा पुसला. मुलं बाकांवर ताठ बसली होती, सेन्सेइ कोपऱ्यात उभे. दार सरकलं. दारात एक ताडमाड अमेरिकन मुलगा थबकला, त्याने हात पुढे ताणला आणि गंभीरपणे विचारलं, “मे आय कम इन टीचर?”

पद्मिनीला वाटलं, भीतीने आपल्या कानांना भास झाला. पण त्याच्यामागून सबंध आयोवा ओळीने आत आलं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेत, आणि भिंतीपाशी उभं राहून झोपाळ्याच्या सुरात गायलं, “गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचर.” जपानी मुलांनी उठून त्याच सुरात जबाब दिला. एक आयोवाकर रंगीत सदऱ्यात होता. त्याने चॉकलेटं वाटली आणि पद्मिनीच्या हातावर दोन ठेवली.

ओळीच्या शेवटी पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घातलेली एक बाई भिंतीला टेकून ‘वळ मोडू नका रं’ असं पुटपुटत घाम पुसत होती. दोघींची नजरानजर झाली. पद्मिनीने पुढचा वर्ग कसाबसा रेटला आणि घंटा होताच तिला व्हरांड्यात गाठलं.

“सांगलीच्या ना तुम्ही?”

“मिरजेची. स्नेहलता.” बाई कुजबुजली. “आमचे हे तिथल्या विमा कंपनीत आहेत. पोरांना जपानी रीतभात शिकवायची होती. मी आशियातली दिसले, म्हणून प्रिन्सिपॉलनी विचारलं जपान माहीत आहे का. नाही कसं म्हणायचं हो?”

“यापूर्वी जपानला आला होतात?”

“परवा उतरलोय.”

दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पद्मिनीचं मग थांबेनाच. ते हसण्याचं राहिलं नव्हतं. स्नेहलताने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेवढ्यात कुरोदा-सेन्सेइ येताना दिसले. चेहरा पडलेला. पद्मिनीने डोळे पुसले. संपलं, आता खरं सांगून टाकू, असं तिने ठरवलं आणि तोंड उघडलं. पण सेन्सेइ तिच्याआधीच कमरेत वाकले.

“क्षमा असावी, आमची मुलं कमी पडली. पाहुण्यांचा सूर आपल्यापेक्षा लांब होता. शेवटी अमेरिकन ते अमेरिकनच. पुढचं वर्षभर तुम्ही रोज याल का?”

पद्मिनीने उघडलेलं तोंड मिटलं आणि होकारार्थी मान हलवली. मग ती वर्गात गेली. मुलं उभी राहिली, खाली मान घालून, हरल्यासारखी. तिने खडू उचलला, गळा साफ केला आणि सांगितलं, ‘मॉऽऽर्निंग’पासून पुन्हा घेऊ.