दाराआडचा ओटिस

बेलच्या बटणावर कोरीनने चिकटपट्टीचे तीन थर चढवले, आणि तरी जिवाला स्वस्थता वाटेना म्हणून चौथा चढवला. मग बोटाने दाबून पाहिलं. आत बेल वाजली नाही, पण पट्टीच्या नुसत्या चरचरण्यानेच दाराआडून ओटिस भुंकला.

"अरे, मीच आहे," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "तुझं पीनट बटर घेऊन येणारी."

ओटिसला घरी येऊन बारा दिवस झाले होते. बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरने पंधरा दिवसांच्या बोलीवर दिला होता, पटला तर ठेवा, नाही तर परत आणा. याआधी दोन घरांनी तो परत आणून दिला होता. दोन्ही कागदांवर अक्षर वेगळं, कारण एकच: दारावर कोणी आलं की आवरत नाही. दुसऱ्या घरी तर सामान पोचवायला आलेल्या माणसाच्या कोटाची बाही त्याने दातांत धरली होती. तिसऱ्यांदा परत आला तर त्याला पुन्हा कुणाला दाखवायचं नाही, असं शेल्टरमधल्या बाईंनी खाली बघत सांगितलं. मग त्याचं काय होणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोरीननेही विचारलं नाही.

डेलने, तिच्या नवऱ्याने, ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "हॅलोविन धड पार पडला तर राहील. आपल्या घरात पाच वर्षांची पोर आहे, कोरीन. त्या एका संध्याकाळी सोंगं घेतलेली शंभर पोरं गोळ्या मागायला दारात येतात. तेवढं त्याला झेपलं, तर मी काही बोलणार नाही."

अट वाजवी होती. वाजवी अटींवर भांडताही येत नाही, हेच त्यांचं वाईट.

म्हणून आज दुपारपासून तिने मोहीम आखली होती. डेल लेकीला, मेबलला, घेऊन आधीच आपल्या आईकडे गेला होता. मेबल तिथेच सजणार, तिथूनच घरं फिरणार आणि परत येताना मागच्या दाराने येणार. चॉकलेटांची पिशवी फ्रीजवर गेली होती, कारण घरचा जुना कुत्रा पिकल जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असला तरी त्याचं नाक उंच होतं आणि वय तेरा झालं तरी हाव तीनचीच होती. बोळाकडच्या खोलीत दोघांची अंथरुणं, पाण्याचं भांडं, रेडिओ, खाली ओढलेले पडदे. रबरी खेळण्यांत भरलेलं पीनट बटर सकाळपासून फ्रीजरमध्ये दगड होऊन बसलं होतं, ते चाटण्यात अर्धा तास तरी जाईल असा हिशेब.

राहिला पायरीवरचा गोळ्यांचा वाडगा. तो ठेवताना मात्र तिचा हात अडखळला.

सेंट लुईसमध्ये पोरं नुसती पिशवी पसरत नाहीत. दारात उभं राहून जोक सांगायचा, घरच्यांनी हसायचं, मग गोळ्या घ्यायच्या. कोरीन स्वतः याच वस्तीत वाढली होती. एकच जोक तिने सलग चार वर्षं खपवला होता आणि चारही वर्षं लोक नव्याने हसले होते. वाडगा बाहेर ठेवून आत दडून बसणाऱ्या घरांबद्दल तिची आई काय काय बोलायची, तेही तिला आठवत होतं. तरीही तिने पुठ्ठ्यावर लिहिलं: 'घरात घाबरट कुत्रा आहे. कृपया दार वाजवू नका. आज जोक नको. दोन-दोन घ्या.'

शेजारच्या ओट्यावर मिस हेझल, म्हाताऱ्या झाल्या तरी गल्लीच्या 'मिस'च, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन, मांडीवर गोळ्यांची टोपली घेऊन कधीच्या बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाटी वाचली.

"जोक नको? बाई गं, तुझ्या घरी कुणी वारलंय का?"

"कुत्रा नवीन आहे, मिस हेझल. दार उघडायची सोय नाही."

"माझा नवरा हॅरोल्ड पन्नास वर्षं भुंकत होता माझ्यावर. मी दार उघडायची थांबले का?"

कोरीनला हसू आलं, पण ती थांबली नाही. सहा वाजत आले होते.

पहिला अर्धा तास हिशेबाप्रमाणे गेला. कोरीन भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ओटिसचा पट्टा तिने मुठीभोवती दोन वेढे देऊन धरला होता आणि ओटिस चाटत होता. पिकल स्वतःचं संपवून ओटिसच्या खेळण्याकडे तपश्चर्येला बसल्यासारखा बघत होता. बाहेर पावलं वाजायची, थांबायची, जायची. प्रत्येक वेळी ओटिसचे कान उभे राहायचे आणि प्रत्येक वेळी कोरीनचा श्वास अडकायचा.

मग पावलं थांबली आणि गेली नाहीत. दारावर टकटक झाली.

ओटिस ताडकन उठला. भुंकण्याने खोली भरून गेली. पट्टा इतका ताणला गेला की कोरीनची बोटं पांढरी पडली. "शू, शू, काही नाही रे," ती म्हणत होती, पण तिचाच आवाज कापत होता.

बाहेर मिस हेझलचा खणखणीत आवाज आला. "दार नको वाजवू! काय पाहिजे?"

"मला जोक सांगायचाय," एक बारीक, हट्टी आवाज म्हणाला.

"पाटीवर लिहिलंय ना, जोक नको."

"मग मी गोळ्या कशा घेऊ? फुकटच्या?"

ओट्यावरची खुर्ची करकरली. मग मिस हेझल म्हणाल्या, "खरंय बाई तुझं. असं कर, त्या बोळात जा. खिडकी दिसते ना, पडद्याआड उजेड आहे ती? तिथे उभी राहा आणि तिथून सांग. भिंतीला खेटू नकोस."

नको, असं ओरडावं असं कोरीनच्या अगदी ओठांवर आलं. पण तोवर बोळात पावलं आली होती. खिडकी हवेसाठी चार बोटं उघडी होती. ओटिसने डोकं तिकडे वळवलं आणि त्याच्या छातीत खोल कुठेतरी घरघर सुरू झाली.

"काकू? आहात का?"

"आहे. तिथेच थांब हं, पुढे येऊ नकोस. कोण आहेस तू?"

"मी वॉशिंग मशीन आहे."

"बरं. सांग."

"भूत शाळेत का जात नाही?"

"का?"

"कारण दिवसभर बाकावर बसलं तरी बाई त्याची गैरहजेरीच लावतात."

कोरीन हसली, पण ते शिष्टाचाराचं हसू होतं. तिचं सगळं लक्ष मुठीतल्या पट्ट्यावर होतं. तेवढ्यात वॉशिंग मशीनच्या मागून आणखी लहान आवाज आला. "मी पण! मी पण सांगणार!"

"हा माझा भाऊ. त्याला येत नाही."

"येतो! एक कोंबडी होती." मोठा पॉझ. "ती पडली."

आणि तो स्वतःच इतका खदखदून हसला की त्याला उचकी लागली. कोरीनला आतून फुटल्यासारखं हसू आलं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता तिच्या मुठीतला एक वेढा कधी सुटला ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पट्टा सैल लोंबत होता आणि घरघर थांबली होती. ओटिस तिच्याकडे बघत होता, मान वाकडी करून.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मीच तुला घाबरवत होते की काय?"

"काकू, गोळ्या घेऊ आता?"

"तीन-तीन घ्या. आणि कोंबडीवाल्याला चार."

ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? खिडकीत एक बाई आहे आणि ती खरोखर हसते. बोळात रांग लागली. मिस हेझल पोलिसासारख्या ओरडत होत्या, "एका वेळी एक! भिंतीपासून लांब! ए डायनोसॉर, शेपटी आवर!" हडळ व्हॅक्युम क्लीनरवरून का उडत नाही, तर वायर पुरत नाही. सांगाड्याला हिवाळ्यात कोट का लागतो, तर वारा आरपार जातो. ओटिस एकदोनदा गुरगुरला, तिसऱ्या जोकनंतर बसला, सातव्यानंतर त्याने तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. त्याला ना मुखवटे दिसत होते ना बेल ऐकू येत होती. नुसते पोरांचे आवाज, आणि शेजारी हसणारं माणूस.

आठला पोरांची फेरी संपली आणि ओट्यांवरचे दिवे एकेक करून मालवले. कोरीनने पट्टा काढला, खोलीचं दार उघडलं आणि दोघांना पाणी प्यायला स्वयंपाकघरात आणलं. झालं, सुटलो, असं ती मनात म्हणते आहे तोच मागचं दार उघडलं.

दारात एक चकाकणारी, चरचरणारी गोष्ट उभी होती. तिला डोकं नव्हतं, डोक्याच्या जागी बादली होती.

शंभर पोरांचा बंदोबस्त तिने केला होता. घरची पोर आज वेष बदलून येणार, आणि तो वेष ओटिसने पाहिलेलाच नाही, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ओटिसच्या पाठीवरचे केस उभे राहिले. त्याचा ओठ वर गेला आणि दात दिसले, सगळे. घशातून निघालेला आवाज कोरीनने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मेबल जागच्या जागी थिजली. मागून डेलचा हात तिच्या खांद्यावर आला. कोरीन तीन पावलं लांब होती, आणि ही तीन पावलं धावत गेलं तर काय होईल हे तिला नुकतंच खिडकीपाशी कळलं होतं. तिने मूठ उघडली, खांदे सोडले, आणि चहा हवाय का विचारावं तशा स्वरात म्हणाली, "मेबल, सोन्या, बादली काढ आणि त्याच्याशी बोल."

बादली वर गेली. आतून घामेजलेला, रडवेला चेहरा निघाला.

"ओटिस, मी आहे रे."

ओटिसचा ओठ खाली आला. तो मागे सरकला, टेबलाला धडकला, आणि उभ्या उभ्या त्याच्या खाली थारोळं साचलं. मग पोट जमिनीला घासत तो पुढे आला, चांदीच्या कागदातला तिचा बूट त्याने हुंगला आणि जोरात शिंकला.

"आई, त्याने शू केली."

"घाबरला तो, बाळा."

"मी पण घाबरले. पण मी नाही केली."

कुणीच हसलं नाही. डेलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दात दाखवले त्याने," तो म्हणाला.

"हो. दाखवले." बाजू घ्यावी असं कोरीनला फार वाटलं, पण जे झालं ते तिघांनी पाहिलं होतं. "मी पट्टा काढायला नको होता. मेबलला आधी दाखवायला हवं होतं. पण त्याने दात दाखवले, ते खरंच आहे."

डेलने भुवईजवळचा व्रण नकळत चोळला. "मला लहानपणी चावला होता ना, काकांचा तो काळा कुत्रा, त्याने काही दाखवलंबिखवलं नव्हतं. शेपटी हलवत आला आणि सरळ धरलं." चावल्याचं कोरीनला माहीत होतं, पण हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. "याने सांगितलं. थांबला. मागे गेला."

 मग त्याने कोट खुर्चीवर टाकला, कागदी टॉवेलचा अख्खा गुंडाळा घेतला आणि गुडघ्यांवर बसला.

"सोमवारी तू कामावरून सुटेपर्यंत शेल्टर बंद होतं," जमीन पुसता पुसता तो म्हणाला. "याला ठेवून घ्यायच्या सहीला मीच जाऊन येतो. ए, सरक जरा, तुझंच पुसतोय."

ओटिस सरकला नाही. डेल त्याच्याभोवतीने पुसत राहिला.