पारूचा दम

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात पारूचा कबड्डीचा दम जात्याच्या घरघरीसारखा खालच्या, अखंड सुरात ऐकू येई. कापसाचा बाजार पार बसला होता, तेव्हाचे ते दिवस. ऐन हंगामात मारेगावच्या जिनिंग कारखान्याचं आवार रिकामं पडलेलं, म्हणून तर माझ्या शाळेतल्या मुलींना तिथे खेळायला मिळे. सरकीच्या वासाऐवजी तिथे नुसती धूळ असे.

मी त्यांचा क्रीडाशिक्षक, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. पारू अंगाने किरकोळ, स्वभावाने भित्री, आणि तरीही चढाईत सर्वांत तरबेज. मध्यरेषेवर वाकून कपाळी माती लावताना तिची नजर खाली जाई, आणि दोन-तीन श्वास ती तशीच थांबे. त्या थांबण्याचा मला मनस्वी संताप येई. तिने राज्याच्या संघात जावं हे तिच्याइतकंच माझंही स्वप्न होतं, आणि भित्र्या मुलीला कोणी निवडणार नाही अशी माझी ठाम समजूत होती.

वणीला निवडीच्या सामन्याआधी ती म्हणाली, "सर, मले लय भेव वाटून राह्यलं."

"भीती सोड. राग धर," मी म्हणालो. आणि तो राग यावा म्हणून तिच्या कानात सांगितलं, की समोरच्या मुली तिच्या ठिगळ लावलेल्या पोशाखाला हसताहेत. खरं तर कोणीच हसलं नव्हतं.

पारू मातीला हात न लावताच आत घुसली. दम कर्कश झाला. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला; एरवी अंग सैल सोडून अलगद निसटणारी पारू त्वेषाने उलटी फिरली, आणि तिचा गुडघा गेला.

परतताना एसटीच्या खिडकीशी पाय लांब करून बसलेली ती एवढंच म्हणाली, "सर, भेव वाटते तवा मले साऱ्याईचे पाय दिसते. आज राग आला, त पायच नाई दिसले."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. ती पुन्हा कधी खेळली नाही.

आता त्या आवारात पुन्हा कापसाच्या गाड्या उभ्या राहतात. आम्ही आखलेल्या मैदानाच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या. तरी मार्गशीर्षाच्या उन्हात मला ती मध्यरेषेवर वाकलेली दिसते, आणि वाटतं, तेवढे दोन-तीन श्वास मी तिला द्यायला हवे होते.