बदामची छक्की

"खेळतोस का पॅक, कृष्णा?" बाळासोंनी विचारले.

कृष्णातच्या हातात बदामची सत्ती आणि अठ्ठी होती. घोंगडीवर सगळ्यांसाठी उघडी पडलेली नव्वी आणि दश्शीही बदामचीच. सोबत चौकटचा राजा आणि किलवरची दुर्री. एकच पान उलटायचे राहिले होते. हा पोकर बाळासोंच्या पुतण्याने, पृथ्वीराजने, बंगळुरूहून आणला होता. कृष्णातला त्यातली अशीच पाने आवडत: एका रंगाची, लागोपाठची, हातात असताना क्षुल्लक आणि मनासारखे एक पान आले की अजिंक्य. "ह्याला राजा-राणी नगोत, सख्खं भाऊ लागत्यात," अशी बाळासो थट्टा करीत.

"खेळतो की," म्हणत कृष्णातने मूठभर चिंचोके पुढे सारले.

पैसा आला की खेळ नासतो, असे बाळासोंचे मत होते, म्हणून चिंचोके. दुसरा दंडकही त्यांचाच. गडहिंग्लज रस्त्यावरच्या त्यांच्या शेतघरात रविवारी दुपारी कुणी मालक नसे, कुणी ड्रायव्हर नसे. कृष्णातने त्यांना तालमीतल्यासारखे 'बाळू' म्हणायचे. ऐन विशीत कृष्णातने भर मैदानात त्यांना चीत केले होते. पुढे बाळासोंचे सिमेंटचे दुकान वाढले आणि कृष्णात त्यांची गाडी चालवू लागला. पण बाळासो कधी मागच्या सीटवर बसले नाहीत. "मला खऱ्यानं पाडलेला ह्यो एकच गडी," असे पाहुण्यांना सांगत ते त्याच्या शेजारी बसत.

आज कृष्णातचे चित्त डावात नव्हते. मुलगी प्रीती बी.एड. होऊन घरी बसली होती. जयसिंगपूरच्या ज्या शाळेत तिने अर्ज केला होता, त्या शाळेच्या संचालक मंडळावर बाळासो होते. परतताना गाडीत शब्द टाकीन, असे त्याने बायकोला कबूल केले होते. इतक्या वर्षांत त्याने बाळासोंकडे काहीच मागितले नव्हते.

पृथ्वीराजने शेवटचे पान उलटले. बदामची छक्की. सहापासून दहापर्यंत, ओळीने पाच बदाम. याहून मोठा हात त्या डावात कुणाचाच असू शकत नव्हता.

बाळासोंनी आपले सगळे चिंचोके पुढे लोटले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. कृष्णातने तो पाहिला. असा खुशीत असलेला माणूस शेजारी बसला, तर बोलणे सोपे जाईल.

"मी पॅक, मालक," तो म्हणाला आणि डाव सोडून त्याने पाने पालथी टाकली.

'मालक' हा शब्द ऐकून बाळासोंनी मान वर केली. हातातले दोन राजे त्यांनी खाली ठेवले, वाकून कृष्णातची पाने उलटली आणि बराच वेळ पाहिली.

"काका, चष्मा घरात ऱ्हायला काय?" पृथ्वीराज कृष्णातला हसून म्हणाला.

"व्हय... ध्यानातच आलं न्हाय," कृष्णात पुटपुटला.

"ध्यानात आलंय त्याच्या," बाळासो हळू आवाजात म्हणाले. "नुरा लढला त्यो."

आधी ठरवून पडणाऱ्याच्या कुस्तीला तालमीत हा शब्द होता. ज्याला तो चिकटे, त्याला वस्ताद पुन्हा मातीत उतरू देत नसत. कृष्णातची मान खाली गेली. मैदानात त्याची पाठ कधी लागली नव्हती असे नाही. पण प्रत्येक वेळी ती दुसऱ्याने लावली होती.

निघताना त्याने नेहमीप्रमाणे पुढचे दार उघडले. बाळासोंनी मागचे दार स्वतःच उघडले आणि ते आत बसले.

कागल मागे पडले. मग मागून आवाज आला.

"प्रीतीला घेतलंय शाळंत. तिच्या मार्कांवर. मला तोंड उघडायबी लागलं न्हाय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आज जाताना सांगणार हुतो तुला."

"व्हय, मालक," कृष्णात म्हणाला. आरशात पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

प्रीती शाळेत रुजू झाली. रविवारचा डाव पुन्हा बसला नाही. कृष्णात अजूनही रोज सकाळी गाडी पुसतो. सर्वांत आधी आपल्या शेजारची सीट पुसतो, तिच्यावरचा धुवट नॅपकिन झटकून पुन्हा नीट अंथरतो, आणि मग वळसा घालून मागचे दार उघडून उभा राहतो.