रेवाच्या ओठांमागे

हिमधवल, मौनमग्न अशी ती सकाळ खरोखर उजाडली, की अंधारानेच नुसती कूस बदलली, हे त्या सूर्याला तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. पोलंडमधल्या वूच नावाच्या जुन्या गिरणगावावर धूसर आभाळ इतके खाली उतरले होते, की उंच धुराड्यांनीच ते तोलून धरले असावे. हेमंतातला दिवस तो. उगवला म्हणेपर्यंत मावळणारा, दुपारी तीनलाच दिवे लावायला लावणारा. नवव्या मजल्यावरच्या खिडकीशी यामिनी उभी होती. दार बंद, खिडकी बंद, ओठ बंद. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या त्या बाईला ही शांतता खायला उठे.

नवरा, हृषीकेश, झुंजुमुंजू होण्याआधीच कंपनीत जाई. मागे राहत त्या दोघी: ती आणि पाच वर्षांची रेवा.

रेवा! जिच्या जिभेला गावाकडे कधी लगाम ठाऊक नव्हता, ती बडबडी, खिदळणारी रेवा इथल्या बालवाडीत जाऊ लागली आणि मुकी झाली. घरी येई, कोटसुद्धा न काढता भिंतीकडे तोंड करून बसे, आणि बाहुल्यांच्या कानात पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटे. पुटपुटे, आणि रडे.

"काय झालं गं बाळा? कुणी काय म्हणालं का?"

रेवा नुसती मान हलवी.

"अगं, पोरं भाषा पटकन उचलतात," हृषीकेश चेष्टेने म्हणे. "ती गेली पुढं. आता तूच मागं राहतीस बघ."

त्याची ती चेष्टा यामिनीच्या काळजात रुतली. लेक एका परक्या भाषेत शिरली आणि आतून कडी लावून बसली, असे तिला वाटू लागले. आत ती का रडते, हे कळायला हवे होते. त्यासाठी पोलिश यायला हवी होती.

मग आरंभले ग्रंथशोधन. मराठीतून पोलिश शिकवणारे पुस्तक तिला काही केल्या मिळेना. इंग्रजीतले पहिले पुस्तक गुळगुळीत, देखणे. ते हॉटेलात समुद्राकडची खोली मागायला शिकवी. हिला हॉटेलात नेतो कोण! दुसरे पहिल्याच पानावर विभक्तींचे कोष्टक घेऊन आडवे आले. मोबाइलवरचे अ‍ॅप रोज टुणकन येऊन सांगे, की हत्ती सफरचंद खातो. खात असेल बापडा. व्हिडिओतला तरुण तर असा बोले, की त्याची एसटी सुटत असावी. शब्दांचा हा वैभवशाली बाजार, आणि रडणारे मूल काय पुटपुटते ते कुठेच नाही.

शेवटी रविवारच्या जुन्या बाजारात, कपबश्या आणि गंजलेल्या कुलपांच्या शेजारी, एक पातळसे पुस्तक तिच्या हाती लागले. परदेशातून आलेल्या मुलांसाठी काढलेले. वर चित्र, खाली शब्द. ये, जा, ऊठ, बस. तू, मी, आम्ही. बोलता येते, बोलता येत नाही. उच्चार ती मोबाइलकडून वदवून घेई. कणीक मळताना ये-जा, भांडी घासताना ऊठ-बस. ओठ हलत, शब्द फुटत, आणि भिंतींवर आपटून परत येत. दुकानात मात्र ती अजून बोटानेच वस्तू दाखवी. दार बंद, खिडकी बंद, ओठ बंद.

एका शनिवारी, नीलकृष्ण संध्याछाया खोलीत उतरत असताना, रेवाने बाहुल्या गोलात मांडल्या. अस्वल, ससा, एका डोळ्याची बाहुली.

"आई, तू रेवा हो."

"आणि तू?"

"मी बालवाडीतली मुलं."

यामिनी हरखली. आतली कडी सरकली होती! पण खेळ सुरू झाला आणि लेकीचा चेहरा पालटला. तो कोवळा, कमलकोमल चेहरा कुणा दुसऱ्याचा झाला, कठोर झाला. इवलेसे बोट कोपऱ्याकडे उठले आणि पोलिश शब्द खड्यांसारखे पडले.

तिकडे बस. तुला बोलता येत नाही.

पुस्तक चांगले होते. एकही शब्द अडला नाही.

लेकीने भाषा कुठे उचलली होती? ही दोन वाक्ये तेवढी तिच्या अंगात रुतून बसली होती, आणि रोज तीच ती बाहुल्यांना ऐकवत होती. यामिनी उठली, आणि कपाट आणि हीटर यांच्यातल्या सांदीत जाऊन बसली. गुडघे पोटाशी घेतले, तरी जागा पुरेना.

"मग रेवा काय करते?" तिने विचारले.

"काही नाही. आईची वाट बघते."

"मग येते ना आई?"

"येते." रेवाने बाहुलीचे केस नीट केले. "पण तिला पण बोलता येत नाही."

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस पडतो म्हणावे, तसे ती म्हणाली.

यामिनी कोपऱ्यातून उठली. "उम्येम मूविच," ती म्हणाली. मला बोलता येते. उच्चार वाकडा पडला, स्वर चिरकला. या देशात आल्यापासून तिने दुसऱ्या कुणाला ऐकू जाईल असे काढलेले ते पहिले पोलिश शब्द, आणि ऐकायला समोर एक अस्वल, एक ससा, एक लेक. "उम्येम मूविच!" ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, शेजारच्या भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.

रेवा बघतच राहिली. मग तिचे ओठ हलले. "उम्येम..." भीत, अडखळत, आईच्या तोंडाकडे बघत बघत.

सोमवार अजून यायचा होता, खरी मुले अजून भेटायची होती. रेवाने अस्वल जरा सरकवले, ससा जरा सरकवला. गोलात एक लहान जागा झाली, एक मोठी जागा झाली. आणि अंधारत्या खोलीत, अस्वलाच्या आणि सशाच्या मधोमध, दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. बसल्या, आणि बोलत राहिल्या.