स्वयंपाकघरातला पिवळा दिवा

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाईंना गल्लीत सगळे रेडिओमावशी म्हणायचे. त्यांचा खरा जीव मात्र भंगारात. जुन्या सर्किट बोर्डावरचं कथील सोल्डरिंग आयर्नने तापवायचं, चिमट्याने एकेक भाग अलगद उपटायचा, तपासायचा आणि आपापल्या डबीत टाकायचा, यात दुपार कुठे जायची ते त्यांचं त्यांनाच कळत नसे. "बसली दात काढत," असं त्यांची थोरली बहीण अक्का म्हणायची.

दोघी बहिणीच घरात. अक्काला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. दारावर कोणी हात दुखेस्तोवर थापा मारल्या तरी तिला पत्ता नसायचा. म्हणून मावशींनी ठरवलं, घंटीऐवजी दिवा करायचा. भंगारवाल्याने आणलेल्या ढिगात त्यांना बिनतारी घंटीचा बोर्ड सापडला. दूरच्या बटणाचा इशारा पकडणारा भाग त्यातून सोडवून त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याला जोडला. दाराला लावायचं बटण अजून डबीतच होतं. ते या भागाला ओळखायला शिकवायचं काम उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का भाजी निवडता निवडता उठून दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?" मावशींनी हाताने विचारलं.

"कोणी आलंय ना. दिवा लागला. तीनदा."

दाराबाहेर कोणी नव्हतं. बटण तर डबीतच. मावशी म्हणाल्या, जोडणी ढिली असेल. पण जोडणी पक्की होती.

त्याच्या पुढच्या दिवशी त्या स्वतः समोर बसल्या. चार वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला, विझला. तिसऱ्यांदा लागला तो बराच वेळ तसाच राहिला, जणू कोणी बटणावरचं बोट उचलायला तयार नाही.

मावशी विचार करू लागल्या. असला भाग फक्त आपल्या जुन्या बटणाचं ऐकतो, आणि ते बटण फार तर शंभर पावलांवर असायला हवं. म्हणजे जवळपासच कोणीतरी बोलावतंय आणि तिकडे घंटी वाजत नाहीये. एखादं म्हातारं माणूस अडलं असेल तर? भंगारवाल्याला गाठून त्यांनी विचारलं, "हा बोर्ड कुठल्या घरचा?"

"मागच्या गल्लीतलं हिरवं फाटक. शिवणकाम करतात त्या बाईंचं."

दुसऱ्या दिवशी निघताना मावशींनी अक्काच्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा लागला की लिहून ठेव.

हिरव्या फाटकातल्या बाईंनी मशीन थांबवून त्यांचं ऐकून घेतलं. "घंटी सासूबाईंची होती," त्या म्हणाल्या. "त्या जाऊन चार महिने झाले. वरची खोली बंदच असते."

"एकदा बघू का?"

खोलीत गुंडाळलेली गादी, रिकामी खाट आणि औषधांचा वास. खाटेच्या उशाला दोरीने बांधलेलं पांढरं बटण लोंबत होतं. मावशींनी मागचं झाकण नखाने उघडलं. आत सेल नव्हता. जिथे सेल बसतो तिथल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता.

"सेल मीच काढला," बाई खाली बघत म्हणाल्या. "भिंतीवरच्या घड्याळाला घातला."

भिंतीवरचं ते घड्याळ चार वाजून अकरा मिनिटं दाखवत होतं. बटण मावशींच्या तळहातावर उघडं पडलं होतं. ते हललंसुद्धा नव्हतं.

मावशी घरी आल्या. कागदावर अक्काच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: चार दहा. तीनदा. तिसऱ्या वेळी जास्त.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून कमरेला खोचला. त्या दिवशी त्यांनी आयर्न तापवलं नाही.

पुढच्या दिवशी पावणेचारला शिवणकामवाल्या बाई आपण होऊन दारात आल्या. ओढणीच्या टोकाला दोरा चिकटलेला, डोळे रात्रभर न मिटल्यासारखे. स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि कोणी न विचारताच बोलू लागल्या.

"त्या दिवशी एक पोशाख संध्याकाळच्या आत द्यायचा होता. दिवसभर घंटी. पाणी द्या, उशी सरकवा, खिडकी लावा. मी खालची घंटी बंद केली. पाचच मिनिटं, म्हटलं. वर गेले तर साडेचार झालेले. बोट बटणावर होतं." त्यांनी ओठ दाबून धरले. "मावशी, किती वेळा दाबलं असेल, हे मी रोज स्वतःला विचारते. काल तुम्ही सांगितलंत."

अक्काला ऐकू आलं नव्हतं, तरी तिने पाण्याचा पेला बाईंसमोर सरकवला.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

"आले, आई," बाई म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखा, जिन्याखालून हाक द्यावी तसा. "आले हं. हातातलं ठेवते आणि आले."

दिवा विझला. तिघी वाट बघत बसल्या. पेल्यातलं पाणीही कोणी प्यायलं नाही. तिसऱ्यांदा तो लागला नाही. साडेचारला बाई उठल्या, खांद्यावरची ओढणी उगाचच सारखी केली आणि निघून गेल्या.

त्यानंतर तो दिवा आपोआप कधी लागला नाही. मावशींनी तो भाग काढून भिंगाखाली धरला, सगळे टाके तपासले. दोष म्हणून काही सापडला नाही. फेकवेना आणि डबीतही टाकवेना. शेवटी त्यांनी शिवणकामवाल्या बाईंनाच विचारलं, "परत हवा का तुम्हाला?"

"नको. तुमच्या दाराला लावा," त्या म्हणाल्या. "कोणी आलेलं अक्कांना कळायला हवं."

मावशींनी नवं बटण त्याला ओळखायला शिकवलं. आता दाराशी माणूस आला की दिवा लागतो आणि अक्का उठते.

बोर्ड मावशी अजूनही घेतात. फक्त आयर्न तापवण्याआधी भंगारवाल्याला विचारतात, कुणाकडचा, कुठल्या खोलीतला.

"गेलेल्या माणसाचा असला तर नको का?" तो हसतो.

"नको असं नाही," त्या म्हणतात. "माहीत असावं."